वाचकांचे प्रश्न : टेबल उडाले आणि लोक हसले

रात्रपाळीत संगणकावर काम करणाऱ्यांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींच्या आपसातील थट्टामस्करीविषयी विचारणारी पत्रे वेगळी उठून दिसली. मराठवाड्यातून आलेली अशी काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी एका कंपनीत डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी, आहे आणि कोरोनानंतर लातूरच्या घरूनच काम करते. रात्री जेवणे आटोपली की ती लॅपटॉप उघडते आणि तिच्या गटातल्या लोकांशी लिहिता लिहिता एकटीच हसत बसते. परवा विचारले, तर म्हणाली, "आई, एकाने प्रॉडवरचं टेबल उडवलं." कोणाचे एवढे नुकसान झालेले असताना हे लोक हसतात कसे? शिवाय ज्यांचे तोंडही पाहिलेले नाही त्यांना ती मित्र म्हणते, हे मला पटत नाही.
(एक आई, लातूर)

उत्तर : प्रॉड म्हणजे प्रॉडक्शन, अर्थात सरावाचा नव्हे, तर ग्राहकांचा खरा डेटा ज्यावर चालतो तो सर्व्हर. तेथील टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, उडणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, हे आपल्या मुलीलाही पक्के ठाऊक असणार. ती नेमकी कशाला हसली हे कळण्यासाठी असा प्रसंग गटात कसा उलगडतो ते पाहावे लागेल. एखाद्याला एकाच ग्राहकाची जुनी नोंद काढून टाकायची असते. डिलीटच्या आज्ञेत कोणती नोंद काढायची हे सांगणारा 'व्हेअर'चा भाग असतो. घाईत तो लिहायचा राहतो, किंवा माऊसने अर्धीच आज्ञा निवडून ती चालवली जाते, आणि 'एक ओळ काढली' असा निरोप अपेक्षित असताना पडद्यावर सहा आकडी संख्या उमटते. तो गटात एवढेच लिहितो, "गेलं." लगेच पहिला विचारतो, "व्हेअर कुठाय?" दुसरा लिहितो, "व्हेअर रजेवर आहे." आणि त्याच दमात तिसरा विचारतो, "ऑटोकमिट चालू होतं का? नसेल तर खिडकी बंद करू नकोस, आधी रोलबॅक मार." चौथा सांगतो, "ओरॅकल असेल तर फ्लॅशबॅक क्वेरी लावून दहा मिनिटांपूर्वीचा डेटा दिसतो का बघ. अनडू शिल्लक असेल तर सगळं परत येईल." (ओरॅकल हा एक डेटाबेस. क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, ऑटोकमिट म्हणजे आज्ञा चालताच बदल आपोआप कायम होणे, रोलबॅक म्हणजे कायम न झालेला बदल मागे घेणे, आणि अनडू म्हणजे काही काळ राखून ठेवलेला बदलापूर्वीचा डेटा.)

पहिल्या दोन ओळी वाचून आपल्याला राग येईल, पण त्या ओळींनी समोरच्याचा थरथरणारा हात थांबवलेला असतो. या कामात पहिल्या चुकीपेक्षा घाबरून केलेली दुसरी चूक जास्त महागात पडते. घाबरलेला माणूस खिडकी बंद करतो, सर्व्हर पुन्हा सुरू करतो, किंवा अर्धवट बॅकअप चांगल्या डेटावर ओततो, आणि जे परत मिळण्यासारखे होते तेही गमावून बसतो.

असे प्रसंग नवशिक्यांवरच येतात असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेतील एक अनुभवी अभियंता रात्री उशिरापर्यंत दुय्यम सर्व्हरची दुरुस्ती करत होता. तेथील डेटाची फोल्डर पुसण्याची आज्ञा त्याने दिली, ती मात्र मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने आज्ञा थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबी डेटापैकी ४.५ जीबीच उरला होता. पुढे जे उघड झाले ते त्याहून लाजिरवाणे होते. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती कागदावर होत्या, पण त्यांतील एकही धडपणे चालत नव्हती. सहाएक तासांपूर्वी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले. कंपनीने यातील काहीही लपवले नाही. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले, नोंदी सर्वांसमोर उघड्या ठेवल्या, आणि जगभरच्या व्यावसायिकांनी त्यांना धीर देणारे संदेश पाठवले. त्या संदेशांत थट्टा होतीच. पण "आमच्याकडचे बॅकअप आत्ताच तपासून आलो" असे सांगणारेही त्यांत पुष्कळ होते. एकाच्या फजितीतून जगभर बॅकअपची तपासणी झाली, हे काम कोणत्याही परिपत्रकाने झाले नसते.

ही थट्टा खुद्द साधनांतही शिरलेली आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या आज्ञापटलावर व्हेअर नसलेली डिलीट किंवा अपडेटची आज्ञा रोखून धरणारा एक पर्याय आहे. त्याचे सभ्य नाव 'सेफ अपडेट्स', आणि दुसरे अधिकृत नाव चक्क 'आय अॅम अ डमी', म्हणजे 'मी ढ आहे'. दोन्हींचे काम अगदी सारखेच.

आता मैत्रीविषयी. बहुतेक ठिकाणी डीबीए एकच असतो, किंवा पाळीला एकच असतो. सगळे सुरळीत चालले की तो कोणाच्या खिजगणतीत नसतो आणि बिघडले की सगळ्यांचे फोन एकाच वेळी त्यालाच येतात. मोंढ्यातले हमाल पाठीवर पोते असतानाही एकमेकांची खोड काढतात, तशी ही एकाच ओझ्याखालची थट्टा आहे. फरक एवढाच की हे पोते घरातल्या माणसांना दिसत नाही. रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर म्हणजे काय हे आपल्या मुलीला घरात कोणालाही समजावून सांगावे लागते, त्या मंडळींना मात्र सांगावे लागत नाही. मित्र म्हणण्यासाठी एवढे कारण मला पुरेसे वाटते.

प्रश्न : मी नुकताच पदवी घेऊन एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा, शिकत आहे. मोबाइल क्रमांक न नोंदवलेल्या शेतकऱ्यांची यादी काढण्यासाठी मी 'मोबाइल बरोबर नल' अशी अट लिहिली, तर एकही ओळ आली नाही. गटात विचारल्यावर एका ज्येष्ठाने उत्तर दिले, "दादा, आपल्याकडे नळाला कधी काही आलंय का?" सगळे हसले. दोन-तीन दिवस मी गटात काही लिहिलेच नाही. मी एवढा बावळट प्रश्न विचारला होता का?
(एक विद्यार्थी, परभणी)

उत्तर : प्रश्न बावळट नव्हता. हा या विषयातला सर्वांत जुना खड्डा आहे आणि त्यात पाय न घातलेला डेटाबेसवाला मिळणे अवघड आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे. 'ठाऊक नाही' एवढाच त्याचा अर्थ. दोन शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक नोंदलेले नसतील, तर ते दोन क्रमांक सारखे आहेत असे म्हणता येईल का? येणार नाही, आणि वेगळे आहेत असेही म्हणता येणार नाही. म्हणून एसक्यूएलमध्ये खरे आणि खोटे यांच्या जोडीला 'अज्ञात' असे तिसरे उत्तर असते, आणि व्हेअरमधून केवळ 'खरे' ठरलेल्या ओळीच बाहेर येतात. तुमची अट प्रत्येक ओळीसाठी अज्ञात ठरली, म्हणून यादी कोरी आली. बरोबरीच्या चिन्हाऐवजी 'इज नल' लिहा, यादी येईल.

याचा आणखी एक चुलतभाऊ तुम्हाला लवकरच भेटेल, तेव्हा आताच सावध करतो. 'अमुक यादीत नसलेले' शोधण्यासाठी 'नॉट इन' वापरताना त्या आतल्या यादीत एक जरी नल असला, तरी एकही ओळ बाहेर येत नाही आणि चुकीचा निरोपही येत नाही. तेथे 'नॉट एक्झिस्ट्स' वापरावे. ओरॅकलमध्ये तर रिकामा मजकूरही नलच मानला जातो, त्यामुळे एका डेटाबेसवर तपासलेली क्वेरी दुसऱ्यावर वेगळी वागू शकते.

राहिला त्या ज्येष्ठांचा विनोद. विनोद चांगला होता, परभणीकराने परभणीकराला ऐकवण्यासारखा होता. पण त्यांनी पुढे 'इज नल' लिहिले की नाही, हे तुम्ही कळवलेले नाही. लिहिले असेल, तर मनाला लावून घेऊ नका, कारण हा नियम आता तुम्ही जन्मात विसरणार नाही. लिहिले नसेल, तर चूक त्यांची, आणि तुम्ही तोच प्रश्न, लिहिलेल्या क्वेरीसकट, पुन्हा विचारायला अजिबात कचरू नका.

प्रश्न : मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. माझे जावई आणि त्यांचे मित्र २०२३ पासून 'नामांतराची रात्र' म्हणून कसल्याशा आठवणी काढून हसतात. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांविषयी लोकांच्या भावना तीव्र असताना त्यावर विनोद करणे शोभते का?
(एक ज्येष्ठ नागरिक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या जावयांच्या वतीने मी खात्रीने काही सांगू शकत नाही, परंतु या व्यवसायातील माणसे त्या प्रसंगी कशाला हसत होती, ते ठाऊक आहे. त्यांचा विनोद नावावर नसून कॉलमच्या रुंदीवर आहे.

रोमन लिपीत शहराच्या जुन्या नावाला १० अक्षरे लागत, नव्याला मधली जागा धरून २५ लागतात. ज्याने पूर्वी जिल्ह्याच्या कॉलमला २० अक्षरांची मर्यादा घातली होती, त्याच्याकडे एक तर नोंद नाकारली गेली, किंवा नगर गळून 'छत्रपती संभाजी' एवढेच छापले गेले. देवनागरीत गंमत आणखी वाढते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्हसुद्धा, ३ बाइट जागा घेते. 'औरंगाबाद' यात अशी ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. 'छत्रपती संभाजीनगर' यात १६ चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणजे ४९ बाइट. ओरॅकलमध्ये कॉलमची रुंदी काही न सांगता दिली तर ती सहसा अक्षरांत नव्हे, बाइटांत मोजली जाते. '३० पुरेत' असे म्हणून मोकळे झालेल्यांची त्या वेळी झोप उडाली, ती यामुळे. उलट 'उस्मानाबाद'चे ३० बाइट आणि 'धाराशिव'चे २१, म्हणून "धाराशिवकरांनी ९ बाइट सरकारजमा केले" असा विनोद निघाला. मला तो निरुपद्रवी वाटतो.

रुंदीची तक्रार मात्र वरवरची आहे, खरा घोळ रचनेत असतो. आपण महसुलात होता, म्हणून हे चटकन लक्षात येईल. ज्या डेटाबेसमध्ये जिल्ह्याला एक क्रमांक दिलेला होता आणि बाकी सर्व टेबलांत तो क्रमांकच वापरला होता, तेथे जिल्ह्यांच्या टेबलातील एक ओळ बदलली की काम झाले. ज्यांनी जिल्ह्याचे नावच ओळख म्हणून लाखो नोंदींत लिहून ठेवले होते, त्यांना प्रत्येक टेबल बदलावे लागले, आणि त्यात 'औरंगाबाद', 'औरंगाबाद.' आणि 'औ.बाद' असे तिन्ही प्रकार सापडले.

तरीही सरसकट बदल करणे चूकच. जुना दाखला ज्या नावाने दिला गेला, त्याच नावाने तो पुन्हा छापता आला पाहिजे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला; त्याआधी हिंगोलीत जन्मलेल्याच्या कागदावर परभणी जिल्हा असणे ही चूक नव्हे. जालना १९८१ मध्ये आणि लातूर १९८२ मध्ये वेगळे झाले, त्यांचेही तसेच. म्हणून जाणते लोक नावासोबत 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' अशा दोन तारखा ठेवतात. मराठवाड्यात काम केलेल्या माणसाला हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

आपल्या चिंतेविषयी एवढेच सांगतो की नाव योग्य की अयोग्य हा वाद सहसा या गटांत कोणी काढत नाही, आणि काढलाच तर "तो विषय दुसऱ्या सर्व्हरवर" असे म्हणून थांबवतात. त्यांना उद्या पुन्हा एकमेकांची मदत लागणार असते.

प्रश्न : आम्ही १९८० च्या दशकात बँकेत संगणक आले तेव्हापासून हे काम केले. आमच्या वेळी सगळे गंभीर होते. ही थिल्लरपणाची सवय नव्या पिढीची नव्हे काय?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, अंबाजोगाई)

उत्तर : नाही. संबंधात्मक डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याची, कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. त्यांचे प्रसिद्ध 'बारा नियम' शून्यापासून बारापर्यंत मोजलेले आहेत, म्हणजे प्रत्यक्षात तेरा. ओरॅकलची १९७९ मध्ये बाजारात आलेली पहिली आवृत्ती 'आवृत्ती २' या नावाने विकली गेली. पहिली आवृत्ती कोण विकत घेणार, हा त्यामागचा हिशेब. आणि १९७६ मध्ये आयबीएमच्याच संशोधकांनी २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असणाऱ्यांना दहा टक्के वाढ देणारी क्वेरी चालवली, तेव्हा ती विनातक्रार पूर्ण झाली आणि सर्वांचे पगार किमान २५,००० झाले. पगार वाढलेली ओळ इंडेक्समध्ये, म्हणजे पगाराच्या क्रमाने लावलेल्या सूचीत, पुढे सरकत होती आणि पुढे गेल्यावर पुन्हा सापडून पुन्हा वाढत होती. तो दिवस हॅलोविनचा, म्हणजे पाश्चात्त्यांच्या भुताखेतांच्या सणाचा होता, म्हणून आजही पाठ्यपुस्तकांत या दोषाला 'हॅलोविन प्रॉब्लेम' म्हणतात. हे संशोधक आपल्याकडे असते, तर सर्वपित्री अमावास्येचे नाव अभ्यासक्रमात लागले असते. आपल्या काळातील मंडळी गंभीर होती असे आपल्याला आठवते, ते बहुधा साहेब खोलीत असतानाचे.

प्रश्न : मी नांदेडला एका संस्थेचा डेटाबेस विभाग सांभाळतो. मध्यंतरी आमचा सर्व्हर बंद पडला आणि रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत उतरवणे, चालू असताना तरुण सहकारी गटात विनोदी चित्रे टाकत होते. मी रागावलो, तर मलाच जुन्या वळणाचा ठरवले. हे मी चालवून घ्यावे का?
(एक विभागप्रमुख, नांदेड)

उत्तर : चालवून घेऊ नये, पण बंदीही घालू नये. रिस्टोअर चालू असताना ज्या गटात आज्ञा, वेळा आणि सर्व्हरची नावे लिहिली जातात, त्या गटात चित्रांना जागा नाही, कारण 'मुख्य सर्व्हरवर हात लावू नका' ही ओळ दहा चित्रांखाली गाडली गेली तर अनर्थ होईल. त्यासाठी एक गट निव्वळ कामाचा ठेवावा आणि गप्पांसाठी दुसरा. कामाच्या गटात प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहावी आणि आज्ञा देण्याआधी सर्व्हरचे नाव लिहून दुसऱ्याकडून 'बरोबर' असे घ्यावे.

दुसरी गोष्ट, ज्याच्या हातून बिघाड झाला त्याची थट्टा त्या रात्री इतरांनी करू नये. त्याने स्वतः केली, तर मग सर्वांनी मोकळेपणाने हसावे. वर उल्लेखिलेल्या गिटलॅबच्या जाहीर अहवालात त्या अभियंत्याचे नाव न देता केवळ 'सहकारी क्रमांक १' असा उल्लेख होता. आपणही अहवाल लिहिताना हे पाळावे. नाव छापले जाणार नाही याची खात्री असलेला माणूस नेमकी कोणती आज्ञा दिली, हे खरे सांगतो, आणि आपल्याला हवे असते तेच.

जाता जाता, ३१ मार्च हा जगभर बॅकअप दिन म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे त्या दिवशी मार्च एंडची गडबड असल्याने बॅकअपकडे पाहायला कोणालाच सवड नसते. आपल्या विभागात तो १७ सप्टेंबरच्या आसपास ठेवावा, आणि त्या दिवशी बॅकअप घेऊन थांबू नये, तर तो वेगळ्या सर्व्हरवर उतरवून पाहावा.

प्रश्न : आमच्या गटात मी एकटीच मुलगी आहे. माझ्या ग्रामीण बोलण्याची आणि इंग्रजीची नक्कल केली जाते आणि 'मजेत घे' असे सांगितले जाते.
(एक वाचक, जालना)

उत्तर : मजेत घेऊ नका. क्वेरीची थट्टा आणि माणसाच्या बोलीची थट्टा या एका जातीच्या गोष्टी नव्हेत. पहिलीतून काही शिकायला मिळते, दुसरीतून नाही. गटाच्या प्रमुखांना एकदा स्पष्ट लिहा. त्यांनी दखल घेतली नाही, तर गट सोडा. चांगले गट पुष्कळ आहेत आणि त्यांत मराठवाडी बोलीत उत्तरे देणारे दिग्गजही आहेत.

प्रश्न : ओरॅकल आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसवाले आमच्या गटात रोज भांडतात. मुलाने काय शिकावे?
(एक पालक, बीड)

उत्तर : ते भांडण फार मनावर घेऊ नये. दोन्ही बाजूंचे लोक अडचणीच्या वेळी एकमेकांच्या क्वेऱ्या सुधारून देताना आपल्याला त्याच गटात दिसतील. दोन्हींचे मूळ कॉड यांच्या १९७० च्या लेखातच आहे. मुलाने सुरुवात पोस्टग्रेसपासून करावी. ते विनामूल्य आहे, त्याची माहितीपुस्तिका उत्तम आहे, आणि घरच्या साध्या लॅपटॉपवर ते चालते. तेथे शिकलेले एसक्यूएल ओरॅकलवर बहुतांशी तसेच वापरता येते. तारखा, रिकामा मजकूर आणि ऑटोकमिट या तीन ठिकाणी तेवढे जपून राहावे लागते.